डाळ लवकर शिजवणारं पाणी

मी लातूरची. आमच्या घरामागे डाळ मिल होती आणि वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, डाळीचं दुकान. मूठभर तूर तळहातावर घेऊन ती कुठल्या शिवारातली हे अप्पा सांगायचे. खरं सांगायचे की ठोकून द्यायचे, हे तपासायला आमच्यापैकी कोणी त्या शिवारात गेलं नाही. लातूरच्या माणसाला पाण्याचं वेड असतंच, कारण नळ किती दिवसांनी येणार यावर पाहुणे बोलवायचे की नाही हे आमच्याकडे ठरायचं. अप्पांचं वेड मात्र त्याहून वेगळं. परगावचं पाणी चांगलं की वाईट हे ते पिऊन ठरवत नसत. “डाळ शिजती का तिथं?” एवढंच विचारायचे. डाळ झटकन गळली की पाणी उत्तम, कडक राहिली की ते गाव त्यांच्या मनातून उतरलं. हा नियम मीही बिनबोभाट उचलला. त्याच नियमाने मला एकदा तोंडावर पाडलं, त्याची ही हकिगत.

तेव्हा माझी बदली नांदेड जिल्ह्यात, भोकरपासून स्कूटीवर पाऊण तास आत असलेल्या एका गावच्या शाळेत झाली होती. आठवडाभर भोकरला भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी नांदेडला नवऱ्याकडे जायचं, असा माझा संसार. गाव उतारावर वसलेलं. वर टेकाडावर महादेवाचं देऊळ, देवळामागे जुना आड आणि आडाला लागून चार घरं. बाकीचं सगळं गाव खाली पसरलेलं. खालीच शाळेजवळ खोल बोअर, त्यावर उंच टाकी आणि टाकीतून घरोघर नळ. गावाला या नळाचा कोण अभिमान! उन्हाळ्यात शेजारच्या गावांत टँकर फिरायचे आणि आमच्या गावचा बोअर धो धो चालायचा.

शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पळी वर उचलून मला डाळ दाखवली. “बघा मॅडम, आत्ताच टाकली न् लोणी झालं. आमच्या बोअरचं पाणी लई मस्त हाय.” मी पातेल्यात डोकावले. खरोखरच एकही दाणा अख्खा नव्हता. अप्पांना तिथूनच फोन लावला. ते खूश झाले आणि म्हणाले, “बघ, गाव चांगलं मिळालं तुला.” दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटीच्या पायाशी कॅन ठेवून ते पाणी भोकरच्या खोलीवर न्यायला लागले. शनिवारी तोच कॅन बसमध्ये घालून नांदेडला. नवरा म्हणायचा, बायका माहेराहून लोणचं आणतात, ही शाळेतून पाणी आणते. मी त्याच्यापुढे वरणाची वाटी सरकवायचे.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे तंबाखूमुक्त शाळेचं काम दिलं. काम पोटतिडकीने करण्यासारखंच होतं. शाळेच्या मागच्या भिंतीशी गुटख्याच्या रिकाम्या पुड्या सापडायच्या आणि मोठ्या वर्गातली दोन पोरं खिशात पुडी बाळगताना मी स्वतः पकडली होती. माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट मनावर घेतली की मग समोरच्याचं काही ऐकायचं नाही. मी दर सोमवारी दात तपासायला सुरुवात केली. ओळ करून उभं करायचं, तोंड उघडायला लावायचं. पहिल्याच सोमवारी मी हबकले. निम्म्याहून जास्त मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. काहींचे तर गंज चढल्यासारखे. एवढ्या लहान वयात एवढी व्यसनं! मला गावाचा रागच आला.

त्यात सातवीतली एक मुलगी होती. रोज सकाळी परिपाठाला बातम्या वाचायचं काम तिचं, कारण तिच्यासारखा आवाज शाळेत दुसऱ्या कोणाचा नव्हता. मैदानात उभी राहून वाचायला लागली की फाटकाबाहेर दुधाचे कॅन बांधणारा माणूस हात थांबवून ऐकायचा. तिच्याही समोरच्या चार दातांवर तपकिरी पट्टे. हिनेही? मला ते विश्वासघातासारखं वाटलं.

“काय खातेस?” मी विचारलं.

“काहीच न्हाई, मॅडम.”

“पुडी कोण आणून देतं?”

“म्या खात न्हाई, मॅडम. शप्पथ.”

“शपथ घ्यायचीच आहे ना? मग उद्या सगळ्यांसमोर घे.”

आणि मी तिला घ्यायला लावली. वहीच्या कागदावर माझ्या समोर लिहून घेतलं, की मी यापुढे गुटखा, तंबाखू, मिश्री यांपैकी काहीही खाणार नाही. खाली तिची सही. दुसऱ्या दिवशी परिपाठात बातम्यांच्या जागी तिला तो कागद वाचायला लावला. तिने वाचला, पण मान खाली घालून आणि ओढणी तोंडाशी धरून. पुढच्या ओळीतल्या मुलांनाही तो नीट ऐकू आला नाही. मला वाटलं, शरमली, आता सुधारेल.

त्यानंतर तिने बातम्या वाचणं बंद केलं. विचारलं की घसा दुखतोय म्हणायची. हसताना, बोलताना, अगदी हजेरी देतानाही तिचा हात तोंडावर जायचा. आठवड्याभराने तिची आई शाळेत आली. कडेवर तीन-चार महिन्यांचं बाळ, दुसरी मुलगी. आई भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती तशी आलीच नाही.

“मॅडम, पोरगी राखुंडीनं दात घासू घासू हिरड्यातून रगत काढून राहिली,” ती म्हणाली. “आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा न्हाई. मालकाला चहाबी चालत न्हाई. तुम्ही म्हणता तर आसंल, पण मला एक सांगा. हिची मैत्रीण हिच्याच बाकावर बसती. दोघी एका डब्यात खातात, एका झाडाच्या चिंचा खातात. मग तिचे दात पांढरेशुभ्र, न् हिचे आसे कामून?”

खरं सांगायचं तर माफी मागावी असं मला त्या क्षणी वाटलंच नाही. आपलं चुकलं असेल यापेक्षा आपल्याला एक गोष्ट माहीत नाही, हे मला जास्त टोचलं. लहानपणापासून माझं असंच आहे. घड्याळ बंद पडलं तर दुरुस्तीला टाकण्याआधी मला ते उघडून बघायचं असतं. आईचा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो निघेचना.

दुसऱ्या दिवसापासून मी दात पुन्हा तपासायला लागले, पण आता ओरडायला नाही. एक जुनी वही घेतली. प्रत्येक मुलाचं घर कोणत्या गल्लीत, दात कशाने घासतो, घरात कोण काय खातं, सगळं लिहीत गेले. मुलं चक्रावली. ही बाई आता शिक्षा का करीत नाही, याचीच त्यांना भीती वाटायला लागली. माझा पहिला अंदाज पेस्टचा. पण पेस्ट वापरणाऱ्यांचे दात पट्ट्यांचे आणि राखुंडीवाल्या काहींचे स्वच्छ निघाले. मग चिंच, मग गूळ, मग बोरं. एक दिवस मी सगळ्या वर्गाला बोरं कोण किती खातं ते विचारत बसले आणि गणिताचा तास बुडाला. काहीच जुळत नव्हतं.

शेवटी वहीच्या मधल्या दोन पानांवर गावाचा नकाशा काढला. गल्ल्या, देऊळ, शाळा, टाकी. मग डागाळलेल्या दातांच्या घरावर फुली मारायची आणि स्वच्छ दातांच्या घरावर गोल. जेवणाच्या सुटीत हे करत बसले होते. मावशी भांडी विसळता विसळता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. खाली सगळीकडे फुल्याच फुल्या. वर देवळामागे चार गोल. त्या मैत्रिणीचं घर त्या चारांतलंच.

“मावशी, देवळामागच्या घरांत वेगळं काय आहे?”

“त्यांचं काय घेऊन बसल्या? त्यांचं नशीबच फुटकं हाय,” मावशी म्हणाल्या. “चढ हाय ना, पाणी वर चढतच न्हाई. नळ न्हाई त्यांना. आजून आडाचंच पाणी शेंदून राहिले बिचारे. न् त्या पाण्यात डाळबी शिजत न्हाई.”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. आम्ही दोघी त्या नकाशाकडे बघत राहिलो. मावशींनी पदराला हात पुसले, स्वतःच्या दातांवरून बोट फिरवलं आणि त्या पुन्हा भांड्यांकडे गेल्या. गेली काही वर्षं लग्नाच्या पंगतीत त्यांच्या मालकांना मांडी घालता येत नव्हती. खालच्या गावात अशी बरीच माणसं होती. पंगत बसली की कडेला खुर्च्यांची वेगळी ओळ लागायची आणि सगळे ते वयावर ढकलायचे.

शनिवारी मी नांदेडला दोन बाटल्या घेऊन गेले, एक बोअरच्या पाण्याची आणि एक आडाच्या. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला माणूस उतारवयाचा होता, चष्मा कपाळावर चढवलेला. मी त्याला दातांचं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात त्याने मलाच विचारलं, “मॅडम, या गावात डाळ कशी शिजते?”

“एकदम मस्त! लोण्यासारखी,” मी अभिमानाने म्हणाले. “मी स्वतः ते पाणी घरी नेते.”

तो हसला नाही. म्हणाला, “मग अंदाज आलाच. तरी तपासून सांगतो.”

पुढच्या शनिवारी त्याने समजावून सांगितलं. खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं दगडात बसलेलं असतं. तिथल्या त्या दगडातलं फ्लोराईड त्यात उतरतं. त्या पाण्यात चुना कमी आणि सोड्यासारखा गुण जास्त, म्हणून डाळ पटकन गळते. चुना कमी म्हणूनच फ्लोराईडला अडवायला कोणी नसतं, ते पाण्यात सुटत राहतं. आडाचं पाणी वरच्या थरातलं, त्या-त्या वर्षी पडलेल्या पावसाचं. त्यात चुना असतो, डाळ हट्टीपणा करते, पण दगडाचं हे दुखणं त्यात फारसं नसतं. आमच्या बोअरच्या पाण्यात ते मर्यादेच्या कितीतरी वर होतं, आडाच्या पाण्यात मर्यादेच्या आत.

“उकळून प्यायला सांगू?”

“उकळून आणखी घट्ट कराल. ते उडून जात नाही.”

“आणि दातांचे डाग?”

“आले त्यांचे जात नाहीत. दात हिरडीत तयार होतानाच ते बसतात. आता जी लहान लेकरं आहेत, ज्यांचे पक्के दात आत बनतायत, त्यांचं पाणी बदला. बाकी याच पाण्याने मोठ्यांची हाडं-गुडघे आखडतात, त्या दुखण्यालाही आळा बसेल. पण दातांचा निकाल तुम्हाला सहा-सात वर्षांनी दिसेल, ते बाळ दात पाडेल तेव्हा.”

मी कोणत्याही बाळाचा उल्लेख केला नव्हता. तो आपला उदाहरण देत होता. पण मला ती कडेवरची मुलगी दिसली आणि तिच्या मागे तिची थोरली बहीण, हात तोंडावर घेतलेली. बसस्टँडपर्यंत चालत जाताना मला इतकी लाज वाटत होती, की ओळखीची एक बाई समोरून आली तर मी रस्ता बदलला. घरी जाऊन कॅनमधलं पाणी ओतून टाकलं. नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा मला रडू आलं. ज्या पाण्याच्या डागांवरून मी एका पोरीला भर मैदानात गुटखा खाणारी ठरवलं, तेच पाणी मी मिरवत घरी आणत होते.

सोमवारी परिपाठात मी सगळ्यांसमोर सांगितलं, की मी चुकले, हिने कधी काही खाल्लेलं नाही, डाग पाण्याचे आहेत. मुलं गोंधळली. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी होती. मी तिला म्हटलं, आजपासून बातम्या तू वाच. तिने मान हलवली, नाही म्हणून. तिचा तो शपथेचा कागद परत द्यावा असं फार मनात होतं, पण तो हातात घेऊन तिच्यासमोर जायला धीर झाला नाही. कागद त्या दातांच्या वहीत राहिला. वर्ष संपलं, ती आठवीला भोकरच्या शाळेत गेली. शेवटच्या दिवसापर्यंत तिने माझ्यासमोर मोठ्याने काही वाचलं नाही.

गावाला पटवणं हा आणखी वेगळा खेळ. ग्रामसभेत मी नकाशा टांगला, फ्लोराईड सांगितलं. सरपंच सज्जन माणूस, पण म्हणाले, “मॅडम, लई कष्टानं बोअर आणला. डाळ लोण्यावानी शिजती. आन् तुम्ही म्हणता हे पाणी खराब? मग चांगलं कोणतं, ज्यात डाळ शिजत न्हाई ते?” सगळे हसले. मला हसता येईना, कारण हेच वाक्य माझ्या अप्पांनीही फोनवर म्हटलं होतं, आणि महिनाभरापूर्वी मीही म्हटलं असतं.

सभेत काही ठरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येताना मला त्या मुलीची आई चढावर दिसली. कडेवर बाळ, डोक्यावर घागर. नळ दारात असताना ती देवळामागे जाऊन आडाचं पाणी शेंदून आणत होती. “थोरलीचं तर झालं,” ती म्हणाली. “हिचं तरी बघू.” बायका तिला हसल्या. महिनाभर हसल्या. मग ज्यांच्या घरी तान्ही होती त्यांतल्या एक-दोघी गुपचूप चढायला लागल्या. मग गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी गरोदर बायकांना सांगितलं. होळी झाली तोवर आडावर रांग लागायला लागली, आणि चार घरांच्या आडाने अर्ध्या गावाला किती पुरायचं? तळ दिसला.

आता देवळामागची चार घरं संतापली. तुमचा नळ तुम्हाला, आमचा आड आम्हाला, असं त्यांचं साधं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. भांडण बरंच चाललं. त्यातून एक गोष्ट सगळ्यांना दिसली, ती म्हणजे आडात काय काय पडलं होतं. गाळ उपसायला माणसं उतरली तेव्हा निर्माल्य, फुटक्या घागरी, थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि आमच्या शाळेचा एक मोडका बाक वर आला. बाकावर शाळेचं नाव रंगवलेलं. मुख्याध्यापकांनी तो पटकन उलटा करून ठेवला.

कुतूहल म्हणून मी त्या गाळ काढणाऱ्या माणसांशेजारी तासन्‌तास बसले. पाणी कुठून येतं, हे मला कधी बघायलाच मिळालं नव्हतं. लातूरला पाणी नळातून यायचं किंवा येत नसायचं, एवढंच ठाऊक. इथे आडाच्या पश्चिमेच्या अंगाला दगडांच्या फटीतून बारीक धार येत होती. वर टेकाडावर पूर्वी एक लहानसा नाला अडवलेला होता, तो फुटून बरीच वर्षं झाली होती. एक म्हातारे शेतकरी सांगत होते, तो बांध होता तोवर आड चैतातसुद्धा आटत नसे. मग बोअर आला आणि बांधाकडे कोणी बघितलं नाही. आड आटला तशी बोअरची गरज वाढली, बोअर खोल गेला आणि खालचं पाणी पोरांच्या दातांत आलं. माझ्या नकाशावर मी फक्त घरं काढली होती. नाला आणि बांध काढायला हवे होते, तेव्हा मी ते नंतर काढले.

त्या उन्हाळ्यात बांध पुन्हा घातला गेला. देवळाच्या आणि शाळेच्या छपराचं पाणी नळ्या लावून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून जमिनीत सोडलं. आडावर जाळी बसली, कपडे धुणं आणि जनावरं धुणं खालच्या नळावर गेलं. आडाचं पाणी अमृत होतं, असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसाळ्यात आशाताईंची तपासणीची बाटली काळी पडली, म्हणजे पाण्यात जंतू निघाले, आणि दोन घरांत जुलाब झाले. मग ग्रामपंचायतीचा माणूस नेमाने आडात जंतू मारायची पावडर टाकायला लागला आणि आडाभोवतीचा चिखल काढून ओटा बांधला. माणसांना धड राहायचं तर आडाला धड ठेवावं लागतं, हे त्या गावात कोणी भाषणातून शिकलं नाही. जुलाब झाले, म्हणून शिकले.

आता डाळीचं राहिलं. बायकांची खरी अडचण तीच होती, आणि पुरुषांना ती कळत नव्हती, कारण पुरुषांना डाळ ताटात भेटते. उपाय मावशींनी काढला. सकाळी शाळेत आल्या आल्या त्या डाळ आडाच्या पाण्यात भिजत टाकायच्या आणि मगच झाडलोट करायच्या. दोन-तीन तासांनी तीच हट्टी डाळ वेळेत शिजायची. पहिल्या दिवशी पळी वर उचलून मला दाखवली. “लोणी न्हाई झालं,” म्हणाल्या, “पण दाताला लागती तेवढी चांगलीच हाय. दात हायत कशाला?” मी अप्पांना फोन लावला. डाळ किती वेळ भिजवली हे अप्पांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी डाळीला विचारत होतो, माणसाला विचारायला पाहिजे होतं.” एवढं कबूल केलेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी सांगितलं, की तरीपण तूर चांगली असली की कुठल्याही पाण्यात शिजतेच.

चार वर्षांनी माझी बदली लोह्याकडे झाली. गाव सोडताना बाकी कशाचं नाही, पण त्या लहानग्या मुलीच्या दातांचं वाईट वाटलं. तेव्हा ती चार वर्षांची, दुधाचे दात. ते पांढरे होते, पण दुधाच्या दातांवरून काही सांगता येत नाही, असं त्या प्रयोगशाळेतल्या माणसाने बजावलं होतं. नव्या शाळेत मी सवयीने मुलांचे दात बघायचे, आधी पाणी विचारायचे आणि मग बाकीचं. पण मनातून मी त्या एका निकालाची वाट बघत होते. तिचेही दात तपकिरी आले तर? आईने चार वर्षं चढावरून घागरी वाहिल्या त्या फुकट गेल्या, असं म्हणायचं? आणि आपण थोरलीचंही केलं आणि धाकटीलाही खोटी आशा लावली, असं?

या वर्षी दिवाळीच्या सुटीत मावशींचा फोन आला. बातम्या वाचायची ती पोरगी आता नांदेडला कॉलेजात आहे, तुमचा पत्ता मागून राहिली, देऊ का? मी हो म्हणायच्या जागी ‘हाव’ म्हटलं. त्यांच्यासारखंच बोलून गेले.

रविवारी सकाळी आमच्या नांदेडच्या घरी दोघी बहिणी दारात. थोरली उंच झालेली, खांद्याला कॉलेजची पिशवी. धाकटी तिच्या मागे लपलेली, सात वर्षांची. मी पाण्याचे पेले पुढे केले तर थोरलीने पेला धरून विचारलं, “हे कोणतं पाणी, मॅडम?” मी सांगायला लागले तर ती हसली. हात पेल्याला होता, तोंडावर गेला नाही. तिचे ते चार तपकिरी दात मी कितीतरी वर्षांनी नीट पाहिले.

“दाखव मॅडमला,” ती धाकटीला म्हणाली.

धाकटीने आधी नाही म्हटलं, मग एकदम आ केला. वरचे दोन दुधाचे दात पडलेले आणि त्या जागी दोन नवे, रुंद, करवतीसारख्या कडांचे. मी तिला खिडकीशी नेलं, हनुवटी वर धरली, या अंगाने बघितलं, त्या अंगाने बघितलं. पांढरे होते. कुठे पट्टा नाही, ठिपका नाही. ती वैतागली आणि तोंड मिटून म्हणाली, “झालं का?” मी मान हलवली.

“माय म्हणली, आधी मॅडमला दाखवून ये,” थोरली म्हणाली. मग म्हणाली, “मॅडम, माझा तो कागद फाडला का तुम्ही?”

कोणता, असं विचारायची मला गरज नव्हती. मी आत गेले, कपाटातून ती वही काढली. मधल्या पानांवर नकाशा, फुल्या, चार गोल, नंतर काढलेला नाला. त्यात घडी घातलेला कागद. तिच्या हातात देताना म्हटलं, “तेव्हाच द्यायला हवा होता. माझ्याच्याने झालं नाही. टाक फाडून.”

तिने घडी उघडली. फाडला नाही. उभी राहिली, खांदे सरळ केले आणि परिपाठाच्या मैदानात उभी असल्यासारखी वाचायला लागली. मी यापुढे गुटखा, तंबाखू, मिश्री यांपैकी काहीही खाणार नाही. शब्द न् शब्द, खणखणीत, पूर्ण तोंड उघडून. आतल्या खोलीतून नवरा बाहेर आला. जिन्यावरून उतरणारी शेजारीण दाराशी थांबली. खालची सही आणि तारीखसुद्धा तिने वाचली.

मग कागद घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, “म्या मोडली न्हाई, मॅडम. एकदाबी न्हाई.”